काटा, लस आणि नकार

शरीर स्वतःचे रक्षण कसे करते, याचे एक मोठे उत्तर गुलाबाच्या काट्यातून मिळाले. १८८२ साली रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ सिसिलीतील मेसिना येथे राहत होते. तारामाशाच्या अळ्या पारदर्शक असतात. त्यांच्या अंगात त्यांनी बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात तो फिरत्या पेशींनी काट्याला वेढा घातलेला! शरीर मुकाट्याने मार खात नाही, शत्रूवर चालून जाते, हे त्यांनी जगाला दाखवले. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले.

त्यांचेच विद्यार्थी वाल्देमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा त्यांना तेथे पाठवण्यात आले. तुपाचे थेंब सोडलेल्या रश्शात जंतू वाढवून, ते उष्णतेने मारून त्यांनी लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. तत्त्व असे की, मेलेला शत्रू आधी दाखवला तर जिवंत शत्रूला शरीर ओळखते.

त्याच साथीत माणसांची मनेही बचावाला लागली होती. जांघेत गाठ उठली तरी साधा ताप म्हणायचे, रोगी माळ्यावर दडवायचा. सक्तीच्या तपासणीची धास्ती खरीच होती. पण दडवलेल्या घरात रोगही मुक्कामाला राही. मनाच्या अशा बचावाविषयी फ्रॉइड यांनी १८९४ साली लिहिले. त्यांची कन्या ॲना यांनी १९३६ च्या ग्रंथात त्याच्या निरनिराळ्या तऱ्हा मांडल्या. असह्य सत्याचा नकार ही त्यांतलीच एक.

येथे शरीर आणि मन यांच्या वाटा वेगळ्या होतात. पेशी काट्याकडे धावते, नकार काट्याकडे पाठ फिरवतो. तरीही नकाराला मी दोष देणार नाही. दुःखाच्या पहिल्या घावात तो माणसाला उभे ठेवतो. मात्र तो महिनोन्‌महिने टिकला की घात करतो. वर्षभर लपवलेली गाठ घेऊन आलेले रोगी प्रत्येक दवाखान्याने पाहिले आहेत.

आपल्याही घरात कोणी दुखणे झाकत असेल. त्याला भित्रा म्हणू नका, आणि सारे सत्य एकदम अंगावरही टाकू नका. लशीप्रमाणे सोसेल एवढी मात्रा द्या: आज नुसते विचारा, उद्या जवळ बसा, परवा डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जा.