सुबाभूळ, हवाईच्या शेळ्या आणि कोटीपोटातील जिवाणू

सुबाभळीचा पाला प्रथिनांनी समृद्ध असला, तरी त्यात मिमोसिन हे विषारी अमिनो आम्लही असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात, म्हणजे चार कप्प्यांच्या जठरातील सर्वांत मोठ्या कप्प्यात, मिमोसिनापासून डीएचपी नावाचे संयुग तयार होते. ते थायरॉईड ग्रंथीच्या कामात अडथळा आणते आणि मग जनावराला गलगंड होतो, लाळ गळते, केस झडतात व वजन घटते. ऑस्ट्रेलियातील जनावरांमध्ये ही लक्षणे वारंवार दिसत असताना हवाईतील शेळ्या मात्र हाच पाला निर्धोकपणे खात होत्या, आणि या विसंगतीचे उत्तर वनस्पतीत नसून शेळीच्या पोटात असावे, असे रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये सुचवले. पुढे हवाईतील शेळ्यांच्या कोटीपोटातील जिवाणू ऑस्ट्रेलियन जनावरांना दिल्यावर त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. हे काम जोन्स व मेगॅरिटी यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केले.

प्रयोग यशस्वी झाला, तरी तो घडवणारा जिवाणू अजून अनामच होता. हा जीव प्राणवायूत तग धरत नाही आणि शर्करांवर वाढत नाही. आर्जिनिन व हिस्टिडिन ही अमिनो आम्ले त्याला मानवतात, त्यामुळे शर्करायुक्त नेहमीच्या माध्यमात तो हाती लागणे कठीणच होते. अमेरिकेतील मिल्टन ॲलिसन व सहकाऱ्यांनी हवाईच्या शेळीतून मिळालेल्या या जिवाणूचे वर्णन करून १९९२ मध्ये त्याला जोन्स यांच्या गौरवार्थ सिनर्जिस्टिस जोन्साय हे नाव दिले. लगेच १९९३ मध्ये त्याच्या रायबोसोममधील १६एस आरएनएच्या क्रमाला नेमका चिकटणारा प्रोब, म्हणजे खूण बांधलेला न्यूक्लिक आम्लाचा आखूड तुकडा, तयार झाला, आणि जिवाणू न वाढवताही मिश्र समुदायात तो ओळखून मोजता येऊ लागला. ही सोय मोठी होती, कारण असा नाजूक जीव वाढवून दाखवण्यावरच ओळख अवलंबून राहिली असती, तर शेतावरच्या शेळ्यांची सरसकट तपासणी जवळजवळ अशक्य ठरली असती.

महाराष्ट्राचा संबंध येथे थेट आहे. मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे १९६७ मध्ये स्थापलेल्या बाएफ संस्थेने पुढील दशकात सुबाभळीचा प्रसार केला, आणि हा पाला इतर चाऱ्यात मिसळून मर्यादेतच घालावा, असा सल्ला पशुपालकांना दिला जातो.

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत, हाताशी आल्यावर चित्र गुंतागुंतीचे झाले. हा जिवाणू जेथे नाही असे मानले जात होते, अशा प्रदेशांतील जनावरांतही त्याचा डीएनए मिळू लागला. मात्र डीएनए मिळाला म्हणजे डीएचपीचे विघटन होतेच, असे नाही. अलीकडच्या संशोधनानुसार डीएचपीला ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन ते निरुपद्रवी करण्याचे बरेचसे काम जनावराचे यकृतच करते, त्यामुळे एकट्या जिवाणूला दिलेले सुरुवातीचे श्रेय आता काहीसे अतिरंजित वाटते.