जोयडा : लोकपरंपरांची नोंद स्थानिकांच्या हाती

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या जोयडा तालुक्याचे पूर्वीचे नाव सुपा. जुने सुपा गाव काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात बुडाले. तालुक्यातील कुणबी समाजाने गीते, विधी व कंदमुळांचे ज्ञान मौखिक परंपरेने जपले आहे. गोव्यात २००३ साली या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. कर्नाटकातही तशी मागणी होत आली आहे. वेगळी संस्कृती हा त्या दर्जाचा एक निकष असल्याने लेखी नोंदींना विशेष महत्त्व आहे. स्थानिक तरुणांना प्रशिक्षण दिल्यास कोकणी बोलीतील शब्द मूळ अर्थासह टिपले जातात. गाणाऱ्याची संमती घेणे, प्रसंग, स्थळ व दिनांक नोंदवणे आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावातच ठेवणे, हे त्या प्रशिक्षणाचे पहिले पाठ होत.