वाचकाच्या मताला जागा मिळाली, तेव्हा

पुस्तक आवडले की नाही, हे मोकळेपणाने सांगण्याचा हक्क सामान्य मराठी वाचकाला छापील पानावर उशिराच मिळाला.

एकोणिसाव्या शतकात हा निवाडा विद्वानांच्या हाती होता. 1867मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ने ग्रंथपरीक्षणाला प्रतिष्ठा दिली, 1874पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने त्याला धार चढवली. ‘मुक्तामाला’सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचक आवडीने वाचत होते. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी मात्र 1872च्या आपल्या निबंधात अशा कादंबऱ्यांतल्या अवास्तव चित्रणावर टीका केली.

ग्रंथालयांनी चित्र पालटले. 1893मध्ये ठाण्यात, 1898मध्ये मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. एकच माणूस आज चरित्र, उद्या रहस्यकथा, परवा प्रवासवर्णन घरी नेऊ लागला. पुस्तक बदलायला आलेल्या दोघांमध्ये काउंटरपाशीच खरी समीक्षा रंगे: शेवट फसला, भाषा गोड आहे, पहिली पन्नास पाने नेटाने काढा.

या बोलक्या अभिरुचीला हक्काचे घर दिले ते गिरगावातल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळे यांनी. 1964मध्ये त्यांनी ‘ललित’ हे खास ग्रंथप्रेमींसाठीचे मासिक काढले. जयवंत दळवी त्यात ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची मिस्कील फिरकी घेत. शिवाय ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या सदरातून वाचकांची पसंती थेट छापली जाई. कादंबरी, आत्मचरित्र, कवितासंग्रह यांच्याबद्दल बोलायला आता पंडित असण्याची अट उरली नव्हती.