जहाजाचे भाडे

युद्धासाठी स्वेच्छेने निघालेल्या तरुणाला आधी रणभूमीपर्यंत पोहोचावे लागते. त्याचे जहाजभाडे कोण भरतो, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्रिनिदादची हकिकत वाचल्यापासून तो आम्हांस तसा वाटत नाही.

त्रिनिदाद हे वेस्ट इंडीजमधील बेट. १८४५ पासून आपल्या देशातील करारबद्ध मजूर तेथील उसाच्या मळ्यांवर नेले जात. १९१४ साली महायुद्ध पेटल्यावर तेथील व्यापारी व मळेवाले यांनी स्वखर्चाने तरुण इंग्लंडला धाडण्याची योजना आखली. जॉर्ज हगिन्स हे व्यापारी त्यात पुढे होते. लोक त्या तुकडीला ‘मर्चंट्स कंटिन्जंट’ म्हणत. निवड झाली की प्रवासाची चिंता मिटे, आणि इंग्लंडला उतरून ब्रिटिश पलटणीत भरती होता येई. अधिकारपदाची वाटही तिथूनच जात होती. त्यांतील काहीजण पुढे अधिकारी झालेही. मात्र अधिकारपदासाठी उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा, असा लष्करी दंडक होता. व्यापाऱ्यांची निवडही बहुतांशी गोऱ्या वा उजळ कांतीच्या तरुणांवरच थांबे.

बाकीच्यांसाठी १९१५ साली ब्रिटिश वेस्ट इंडीज रेजिमेंट उभारण्यात आली. सुमारे पंधरा हजार माणसे तिच्यात दाखल झाली. त्यांनाही जहाज मिळाले, पण कसे? मार्च १९१६ मध्ये जमैकाच्या शिपायांना नेणारे ‘व्हर्डाला’ हे जहाज कॅनडातील हॅलिफॅक्सकडे वळवण्यात आले. वाटेत हिमवादळ, आणि अंगावर पुरेसे उबदार कपडे नाहीत! शेकडो जणांना हिमदंश झाला, शंभराहून अधिक जणांचे अवयव कापावे लागले.

याच रेजिमेंटमध्ये कॅप्टन आर्थर सिप्रियानी होते. कॉर्सिकन वंशाचे, पोर्ट ऑफ स्पेनच्या कॅथलिक सेंट मेरीज कॉलेजचे विद्यार्थी. स्वतः गोरे असूनही त्यांनी काळ्या शिपायांची बाजू सातत्याने मांडली, आणि युद्धानंतर ते कामगारांचे पुढारी झाले.

व्यापाऱ्यांच्या कचेरीत एक शाळकरी मुलगाही आला होता. उत्तम क्रिकेट खेळणारा, इंग्रजी साहित्यात बुडालेला. त्याची पाळी आली तेव्हा टेबलामागच्या गृहस्थाने त्याच्या काळ्या वर्णाकडे एकवार पाहिले आणि त्याला हातानेच दूर सारले. नाव, गाव, शिक्षण, काही विचारले नाही. पुढे ‘बियाँड अ बाउंड्री’ या १९६३ सालच्या पुस्तकात त्याने ही आठवण नोंदवली. तो मुलगा म्हणजे सी. एल. आर. जेम्स.

ते इंग्लंडला गेले ते १९३२ साली. नेल्सन या गावी क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांच्या घरी त्यांचा मुक्काम होता.