लासलगावचा आंबा आणि आमचं खैऱ्या लागलेलं लिंबू

परवा गावाकडच्या ग्रुपवर एकानं विचारलं, "आंबा किरणं मारून अमेरिकेला जातो, मग खैऱ्या लागलेलं लिंबू का नाही?" प्रश्न वेडगळ नाही. म्हणून हे जरा लांबण.

2002 साली भाभा अणुसंशोधन केंद्रानं लासलगावात विकिरण केंद्र सुरू केलं, ते मुळात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. मार्च 2006 मध्ये बुश दिल्लीत आले, अणुकराराच्या गडबडीत आंब्याचंही जमलं, आणि एप्रिल 2007 मध्ये इथला हापूस अमेरिकेत पोचला. अट होती किमान 400 ग्रे. कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांचा तेवढा मारा कोयीतल्या भुंग्याला पुरतो. तो जागीच मरायला हवा असंही नाही, पैदास थांबली की झालं.

खैऱ्या मात्र किडा नाही, जिवाणू आहे. झँथोमोनास त्याचं नाव. किड्यापुढे त्याचा डीएनए इवलासा, त्यामुळे किरणांचा नेम लागणंच अवघड. नायनाट करायचा तर मात्रा कित्येक पट वाढवावी लागते, आणि तोवर सालीवर खड्डे नि तपकिरी डाग पडायला लागतात. रोग जाईल हो, पण ते फळ घेणार कोण?

फ्लोरिडाकडे तर पैसा, प्रयोगशाळा, सगळंच होतं. तिथं 1910 च्या सुमारास जपानी रोपांबरोबर खैऱ्या उतरला. झाडं जाळून 1933 पर्यंत त्यांनी तो संपवला. 1995 मध्ये मायामीजवळ पुन्हा दिसला. मग 2000 पासून नियम आला: रोगट झाडाभोवती 1,900 फुटांतलं लिंबूवर्गीय प्रत्येक झाड तोडायचं, निरोगी असलं तरी. लोकांच्या परसातलंसुद्धा! घरमालक कोर्टात गेले. दीड कोटीहून जास्त झाडं गेली. आणि 2004-05 च्या चक्रीवादळांनी जिवाणू असा उधळला की जानेवारी 2006 मध्ये अमेरिकी सरकारनं निर्मूलनाचा नाद सोडला. म्हणजे बुश इथं आंब्याचं कौतुक करायला आले त्याच्या दोनच महिने आधी! पुढे तिथली फळं बाहेर पाठवताना जंतुनाशकात धुवायची, एवढंच उरलं.

रोग तसा आपल्याच बाजूचा. लंडनच्या क्यू बागेतल्या संग्रहात 1827-31 दरम्यान भारतात गोळा केलेल्या नमुन्यावर त्याचे डाग सापडलेत.

आमच्या कागदी लिंबांवर यंदाही आहेत. मागच्या आठवड्यात रोगट फांद्या छाटून जाळल्या, बोर्डो फवारला. पाऊस उघडला की पुन्हा फवारणार.