शर्ली हे नाव कोणाचे?

मुलांच्या नावांचे इंग्रजी कोश उघडले, की काही नावांपुढे 'मुलगा व मुलगी, दोघांसाठी' अशी नोंद आढळते. सोबत व्युत्पत्तीही असते. 'शर्ली' म्हणजे रानातील उजळ मोकळी जागा. 'ॲशली' म्हणजे ॲश वृक्षांच्या रानातील तशीच जागा. 'बेव्हर्ली' हे यॉर्कशरमधील गाव, बीव्हर या प्राण्याशी नाते सांगणारे. 'लेस्ली' हेही मुळात स्कॉटलंडमधील एक स्थळनाम. हे अर्थ सुंदर आहेत, पण नाव ठेवताना ते बहुतेक आईबापांच्या ध्यानीमनीही नसतात. नावाचा खरा अर्थ ते कोणी, कोणाला आणि कशासाठी दिले यात असतो, असे आम्हांला वाटते. त्या दृष्टीने पाहिले, तर 'दोघांसाठी' ही नोंदच तपासून घ्यावी लागते.

मध्ययुगीन इंग्लंडात एकच संतनाम मुलाला आणि मुलीलाही दिले जाई. बोलण्यात दोघेही 'फिलिप'; लॅटिनमधून दप्तर लिहिणारा कारकून मात्र स्त्रीचा उल्लेख 'फिलिपा' असा करी. म्हणजे भेद नावात नव्हता, दप्तराच्या भाषेत होता. इंग्रजीत स्त्रीने लिहिलेला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ जिचा मानला जातो, ती चौदाव्या शतकातील साधिका 'नॉर्विचची ज्युलियन' याच नावाने ओळखली जाते. हेच नाव पुढे पुरुषांकडेच अधिक राहिले आणि स्त्रियांसाठी त्यातून 'जिलियन' निराळे झाले.

सोळाव्या शतकापासून एक नवी चाल पडली. जमीनदार घराण्यांत आडनावेच व्यक्तिनावे म्हणून ठेवली जाऊ लागली. आईच्या माहेरचे नाव लुप्त होऊ नये, एखाद्या बड्या कुळाशी असलेले नाते मिरवावे, अशी त्यामागची कारणे. विल्यम कॅम्डेनने 1605 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या प्रथेची दखल घेतली आहे. गावावरून आलेल्या अशा आडनावाला लिंगदर्शक प्रत्यय नसतो. ते प्रथम मुलग्यांच्या वाट्याला आले, कारण कुळ चालवणारा मुलगा. पण पुढे ते मुलीला द्यायचे झाले, तर भाषेची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती रूढीची.

ही रूढी कशी ओलांडली गेली याचे उत्तम उदाहरण म्हणजे शार्लट ब्राँटीची 1849 सालची 'शर्ली' ही कादंबरी. नायिकेच्या आईबापांना मुलगा हवा होता. मुलगी झाली, तेव्हा मुलासाठी योजलेले कुळाचे पुरुषी नाव त्यांनी तिलाच दिले. ही शर्ली कीलडार जमिनीची मालकीण आहे आणि स्वतःला थट्टेने 'कॅप्टन' म्हणवून घेते. तिचे नाव हे न झालेल्या मुलाचे नाव आहे. या नावामागचा अर्थ रानातील उजळ जागेपेक्षा कितीतरी बोचरा आहे.

ब्राँटीला नावांचे हे राजकारण स्वानुभवाने ठाऊक होते. 1846 साली तिघी बहिणींनी आपल्या कविता करर, एलिस आणि ॲक्टन बेल या नावांनी छापल्या. स्त्रियांच्या लेखनाकडे पूर्वग्रहाने पाहिले जाते अशी त्यांची समजूत होती. पण उघड पुरुषी नाव घेणे मनाला पटेना. म्हणून ही संदिग्ध नावे निवडली, असे शार्लटनेच 1850 साली सांगितले. येथे मराठीतील एक प्रसंग आठवतो. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध करताना मालतीबाई बेडेकरांनी 'विभावरी शिरूरकर' हे नाव घेतले. त्यांनी व्यक्ती लपवली, स्त्रीत्व लपवले नाही. बेल भगिनींना स्त्रीत्वच झाकावे लागले.

'शर्ली'नंतर हे नाव मुलींकडे वळले आणि विसाव्या शतकात बालनटी शर्ली टेंपलच्या लोकप्रियतेने ते पुरते मुलींचे झाले. यॉर्कशरमधील हॅलिफॅक्स येथे 1930 साली जन्मलेल्या शर्ली क्रॅबट्री या मुलाला वडिलांचेच नाव मिळाले होते. तो पुढे धिप्पाड कुस्तीगीर झाला आणि आखाड्यात 'बिग डॅडी' या नावाने गाजला. 'ॲशली'चीही हीच कथा. 1936 सालच्या 'गॉन विथ द विंड' या कादंबरीतील ॲशली विल्क्स हा पुरुष आहे. 1991 आणि 1992 साली मात्र अमेरिकेत मुलींच्या नावांत 'ॲशली' पहिल्या क्रमांकावर होते. 'एव्हलिन'चा संधिकाल तर एका घरातच दिसतो. कादंबरीकार एव्हलिन वॉ याने 1928 साली एव्हलिन गार्डनर हिच्याशी विवाह केला, तेव्हा मित्रमंडळी त्यांना 'तो एव्हलिन' आणि 'ती एव्हलिन' म्हणत.

स्टॅन्ली लिबरसन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा नावांची अस्थिरता दाखवली आहे. मुलींत एखादे नाव वाढू लागले, की मुलग्यांचे आईबाप ते टाळू लागतात. उलट दिशेची वाट जवळजवळ बंद असते. राणी ॲनच्या धर्मपुत्राला 'ॲन' हे नाव मिळाले, तो 1709 साली जन्मलेला लॉर्ड ॲन हॅमिल्टन. पण त्यासाठी धर्ममाता राणी असावी लागली. मुलीला पुरुषाचे नाव देणे ही तिची बढती मानली जाते, मुलाला स्त्रीचे नाव देणे ही त्याची पायउतार. 'दोघांसाठी' ही अवस्था म्हणूनच बहुधा दोन मुक्कामांमधील प्रवास ठरते.

आपल्याकडे 'सुहास' हे कादंबरीकार शिरवळकरांचे नाव आणि अभिनेत्री जोशींचेही. 'किरण' तर हजेरीपटावर आजही दोन्ही बाजूंना सापडतो आणि सापडते. मराठी क्रियापद भेद लगेच उघड करते, म्हणून नावावर तो भार कमी पडत असेल का, असा विचार मनात येतो. इंग्रजीत क्रियापद मूक राहते आणि नावालाच पहारा द्यावा लागतो. पण या पहाऱ्याचे कारण व्याकरणापुरते नाही. मुलाचे नाव शर्ली ठेवणाऱ्या बापाला ज्या दिवशी खुलासा द्यावा लागणार नाही, त्या दिवशी कोशातील ती नोंद खरी ठरेल.