तलवारीचा खेळ आणि एक राहिलेलं उत्तर

गेल्या दिवाळीत आमच्या घरी तलवारबाजी झाली. घाबरू नका, टीव्हीवर! चिरंजिवांनी ‘सामुराई शोडाउन’ नावाचा एक जुना व्हिडिओ गेम लावला आणि नातवाने तो बटणांचा कंट्रोलर माझ्या हातात कोंबला. "आजोबा, खेळा ना!" मी दिसेल ते बटण बडवत सुटलो. नातवाचा योद्धा नुसता मागे मागे सरकत होता. माझा एक वार हवेत गेला मात्र, त्याने एकच घाव घातला आणि माझी कितीतरी ताकद एका फटक्यात संपली.

मागून चिरंजीव म्हणाले, "बाबा, घाई करू नका. जरा थांबा."

ते ऐकून मला तीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. तिच्याकडे येतोच. आधी या खेळाबद्दल.

ओसाकाच्या एसएनके या कंपनीने हा खेळ १९९३ साली काढला. त्याआधी १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’ने जगभरातल्या पोरांना वेड लावलं होतं. त्यात सगळा मामला लाथाबुक्क्यांचा. एक गुद्दा चुकला तर दुसरा मारावा. इथे मात्र हातात शस्त्र. जोराचा वार लागला तर समोरचा अर्धमेला होतो, पण चुकला तर आपण उघडे पडतो. त्यामुळे दोघेही खेळाडू बराच वेळ नुसते एकमेकांचा अंदाज घेत राहतात. ते लांब गेले की चित्र लहान होतं, जवळ आले की मोठं. कधी तलवारीला तलवार भिडते, दोघे बटणं बडवतात आणि हरणाऱ्याची तलवार हातातून उडून लांब पडते. तरी खेळ संपत नाही. निःशस्त्र माणूससुद्धा नेमक्या क्षणी समोरचं पातं दोन तळहातांत पकडू शकतो! रक्त उडतं ते मला आजही आवडत नाही. पण या खेळाची गोडी रक्तात नाही, वाराआधीच्या त्या थांबण्यात आहे, हे चार डाव हरल्यावर माझ्या ध्यानात आलं.

आता इतिहासाचा मास्तर म्हणून तपासतो. कथानक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. जपानमध्ये तेव्हा खरोखरच मोठा दुष्काळ होता. १७८३ साली आसामा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याने पिकांची आणखी दैना केली. पण पात्रं बघा. हात्तोरी हान्झो सोळाव्या शतकातला, तोकुगावा इएयासूचा सरदार. याग्यू ज्यूबेई १६५० मध्ये वारलेला. कुणी विद्यार्थ्याने असा पेपर लिहिला असता तर मी भोपळाच दिला असता. आणि या सगळ्यांचा शत्रू, दुष्काळ आणि संकटं आणणारा राक्षस, म्हणजे अमाकुसा शिरो.

तर ती संध्याकाळ. साल १९९५. चिरंजीव नववीत. क्लास बुडवून व्हिडिओ पार्लरमध्ये बसले होते. मी कानाला धरून घरी आणलं. रस्त्याने चालताना, डोळ्यांत पाणी असतानाच त्याने विचारलं, "बाबा, जपानमध्ये अमाकुसा नावाचा कुणी खरंच होता का?" मी म्हणालो, "आधी पाठ्यपुस्तकातलं पाठ कर." इतिहासाच्या मास्तराला मुलाने इतिहासाचा प्रश्न विचारला आणि मास्तराने तो झटकून टाकला! खरं सांगायचं तर मलाही उत्तर ठाऊक नव्हतं.

निवृत्तीनंतर वाचलं तेव्हा कळलं. अमाकुसा शिरो हा सोळा-सतरा वर्षांचा पोर होता. शिमाबाराच्या जहागीरदाराने नवा किल्ला बांधायला रयतेवर जबर कर बसवले, त्यात ख्रिस्ती झालेल्यांचा छळ. १६३७ मध्ये शेतकरी उठले आणि या पोराला पुढे करून हारा नावाच्या ओसाड किल्ल्यात शिरले. हिवाळाभर झुंजले. १६३८ च्या एप्रिलमध्ये किल्ला पडला, आतल्यांची सरसकट कत्तल झाली आणि शिरोचं मुंडकं नागासाकीत टांगलं गेलं. पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांना जपानमधून हाकलण्यात आलं.

या गोष्टीचं एक टोक आपल्या शेजारी आहे. जपानमध्ये ख्रिस्ती धर्म नेणारा फ्रान्सिस झेवियर १५४९ साली गोव्याहूनच निघाला होता. सोबत गोव्यात शिकलेला अंजिरो नावाचा जपानी माणूस होता. झेवियरचं शव आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चमध्ये आहे. शाळेच्या सहली घेऊन मी तिथे कितीदा गेलो असेन! मुलांना रांगेत उभं केलं, गप्प बसवलं आणि पुढे नेलं. नववीतल्या त्या पोराचं उत्तर तिथेच होतं.

दिवाळीच्या त्या रात्री मी हे सगळं नातवाला सांगितलं. त्याने विचारलं, "मग गेममध्ये त्याला राक्षस का केलंय?" मी म्हणालो, "अरे, हरलेल्याची गोष्ट बहुतेकदा दुसरेच सांगतात." चिरंजीव काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने हसून म्हणाले, "तीस वर्षांनी उत्तर मिळालं, बाबा." हसले खरे, पण मला ते लागलं. त्या संध्याकाळी मी माझा वार घाईने केला होता. क्लास बुडवल्याबद्दल रागवायलाच हवं होतं, पण प्रश्नासाठी दोन क्षण थांबायलाही हवं होतं.

असो. पुढच्या डावात मी थांबलो. नातवाने वार करायची वाट पाहिली. तरीही हरलोच, पण या वेळी बराच वेळ टिकलो!